कोण राहिलं का?

नसीम, मशीन थांबलं नाही, हे तुला आधी सांगते. तू गेल्यावर पहिल्यांदा दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, आपल्या वधू-वर पुस्तकाची कमांड दिली आणि पानं नेहमीसारखी भराभर तयार झाली. कुठं कुरकुर नाही, चूक झाल्याचा निरोप नाही. बारामतीची मुलंमुली जागच्या जागी होती; शिक्षण, उंची, वडलांचं गाव, सगळं ठीक. फक्त प्रत्येकाच्या खाली 'मामा' म्हणून जो रकाना आपण ठेवला होता, त्यातले कितीतरी कोरे. आणि इंदापूरकडचं तर एकही नाव नाही. इंदापूरची शेवटची फाइल तुझ्याकडं राहिली होती. ती मशीनला सापडली नाही, आणि न सापडल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. तेवढी जागा सोडून ते पुढं गेलं.

आपलं भांडण याच गोष्टीवरून चाललं होतं, आणि ते अर्धवट टाकून तू गेलीस. बोलवलेली फाइल आली नाही तर मशीननं विचारलं पाहिजे, असं तुझं म्हणणं. पान निघतंय ना, मग झालं, असं माझं. आता पान निघालंय.

मला फार दमायला होतं, नसीम. एसटी स्टँडमागचं आपलं दुकान तसंच आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, अर्जाचं टायपिंग. लोक येतात आणि विचारतात, एक तारखेला दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात, खरं का? पूर्वी अशा माणसाला तू अर्धा तास समजावून सांगितलं असतंस. मी म्हणते, पडले तर पडले. मग ते तुझ्या खुर्चीकडं बघतात आणि तुझी चौकशी करतात, आणि मला पुन्हा सगळं सांगावं लागतं.

हे पुस्तक आपण का घेतलं, ते आठवतं ना? आमच्या धनगर समाजाचा वधू-वर मेळावा, त्याची परिचय पुस्तिका. माझ्या आज्यापर्यंत आमच्यात मेंढरं होती, बापानं ऊस लावला, आणि मी टायपिंगला बसले, म्हणून कन्हेरीचे आबा माझ्यावरच्या हक्कानं दुकानात आले. मंडळाचं सगळं तेच बघतात. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "बाप कोन ते समदेच ल्हित्यात. ह्या पुस्तकात मामा पायजे. मामा कळला की घर कळतं."

आता आमच्यात बारामतीची पोरगी इंदापुरात दिलेली आणि इंदापूरची इकडं आलेली. म्हणजे बारामतीच्या मुलाच्या कागदावर मामाचं नुसतं नाव, त्याचं गाव-घर शोधायचं तर ते इंदापूर तालुक्याच्या माहितीत, आणि तिकडच्या मुलीचा मामा आपल्याकडच्या सांगवीत नाहीतर माळेगावात. बारामतीची माहिती मी टाइप करायची. इंदापूरची तू, कारण तू राहायला तिकडंच, आणि तिकडचे लोक कागद तुझ्या अब्बांच्या दुकानात आणून टाकायचे. तू एकदा म्हणालीस, "तुमच्या लोकांचं मामा शोधायला मुलाण्याची पोरगी लागती, बघ." आबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते चार ठिकाणी सांगितलं.

पुण्यातल्या तुझ्या आत्येभावानं नव्या पद्धतीच्या नियमांचे ते कागद आणि प्रोग्रामची ती फ्लॉपी दिली नसती, तर आपण हे सगळं नेहमीसारखं हातानं पानावर बसवलं असतं आणि सुखी राहिलो असतो. तू मात्र ते कागद एसटीत वाचत आलीस आणि दुकानात शिरता शिरता बोलायला लागलीस. माहितीभोवती नावाच्या खुणा घालून ठेवायच्या, हे नाव, हे गाव, हा मामा. ती झाली एक्सएमएलची फाइल. त्या माहितीचं पान कसं मांडायचं हे सांगणारी दुसरी फाइल, ती एक्सएसएलटी. आपण तिला नुसतं शीट म्हणायचो. नियम इतके ताजे होते की तुझ्या एका कागदावर एक लिहिलेलं असायचं आणि दुसऱ्यावर दुसरंच. वर आपल्या मराठी फाँटची भानगड. फाइल नुसती उघडली तर नुसत्या किडामुंग्या दिसायच्या, पानावर फाँट लावला की मग माणसाचं नाव उमटायचं. पहिलं नाव उमटलं तेव्हा तू टाळी वाजवलीस. मी म्हटलं, याला इतका वेळ? तू म्हणालीस, "तुला कशाचंच कवतिक न्हाय गं."

नव्हतंच. आता सांगते, होतं थोडं.

मग ते मानपानाचं प्रकरण झालं. प्रोग्रामला सुरुवातीला एकच माहितीची फाइल देता यायची. दुसरी हवी असेल तर शीटमध्ये तिचं नाव घेऊन तिला बोलवायचं, अशी त्यात सोय होती. मी सरळ बारामतीची फाइल मुख्य धरली आणि इंदापूरला आतून बोलवलं. काम झालंही असतं. पण इंदापूरकडचे तात्या, तिकडच्या मंडळाचे प्रमुख, बाजाराच्या दिवशी बघायला आले, आणि तू त्यांना चहा देत देत सगळं खरं खरं सांगितलंस.

तात्यांनी कपबशी खाली ठेवली. "म्हंजे बारामतीकर घरचं, आन् आमी बोलवायचं पाव्हणं?"

"तात्या, त्ये मशीनच्या आत हाय. पुस्तकात न्हाय दिसत."

"दिसत नसंल. पर हाय न्हवं?"

होतंच ते. तात्यांनी चहा तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी आबा आले, ते म्हणाले पुस्तक बारामतीत होतंय, मुख्य बारामतीच राहणार. जगात कुठंही हे काम चाललं असेल, तिथं कुठली फाइल मुख्य यावरून माणसं रुसली असतील असं मला वाटत नाही. आपल्याकडं काम अडलं. मी वैतागून म्हटलं, दोन्ही फाइली एकात चिकटवून टाकू, एकच गठ्ठा, भांडण मिटलं. तर आबांनी विचारलं, "मग त्यात आदी कोन?"

तुला माझा तो गठ्ठ्याचा उपाय मुळीच पटला नव्हता. तू म्हणालीस, इंदापुरात कुणाचं गाव चुकलं, मामाचं नाव चुकलं, तर ते इंदापुरातच दुरुस्त झालं पाहिजे. सगळं उचलून बारामतीत आणून ठेवलं की कुणाचं काय ते कळत नाही, आणि विचारायला कुणाच्या दारात जायचं तेही. मी म्हटलं, एक जागा, एक कुलूप बरं. तू तोंड फिरवून बसलीस.

आणि मग एका सकाळी तू आलीस ती हसतच. ओढणीला एसटीतली धूळ, हातात डबा, अन् दारातूनच सुरू. "मंदे, मांडव कुनाचा असतो गं?"

"तुझ्या अब्बांचा," मी म्हटलं. तुझ्या अब्बांचा, आमच्या चाचांचा, धंदाच तो. इंदापूरच्या आसपास लग्न कुठल्याही जातीचं असो, मांडव आणि जेवणाची भांडी त्यांची.

"अब्बांचं तितं कायबी नसतं. बांबू आन् कापड. दोनी बाजूचं पाव्हणं येत्यात, बसत्यात, जात्यात. मांडव मोकळाच असतो. तसली एक फाइल करायची."

तू तिसरी फाइल केलीस. तिच्यात कुणाचीच माहिती नव्हती, दोनच ओळी होत्या: एकीत बारामतीच्या फाइलीचं नाव, दुसरीत इंदापूरच्या. प्रोग्रामला मुख्य म्हणून ती द्यायची, आणि तिच्यातल्या नावांवरून बाकी दोघांना सारख्या मानानं बोलवायचं. फाइलीचं नावही तू 'मांडव'च ठेवलंस. तात्या पुन्हा आले, त्यांनी दोन ओळी बोट लावून बघितल्या आणि म्हणाले, "आता बरुबर." आबांचीही हरकत उरली नाही. पुढं कधी तिसऱ्या तालुक्याची माणसं आली असती, तर मांडवात एक ओळ वाढवली की झालं असतं. हे तू मला तेव्हाच म्हणाली होतीस आणि मी लक्ष दिलं नव्हतं. मला फक्त काम उरकायचं होतं.

तरी मामा काही येईना. दोन्ही फाइली हजर, नावं हजर, आणि रकाने कोरे. मी तर सोडून द्यायला निघाले होते. तू तुझे कागद काढलेस, त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्यास आणि बोललीस, "तू बारामतीत हुबी राहून इंदापूरचा मामा शोदायलीस. त्याला फकस्त तू हुबी हाईस तितलंच दिसतं. आदी तितं जा, मग हाक मार." मग तसं केलं, शीटला आधी इंदापूरच्या फाइलीत पाठवलं आणि तिथून शोध घ्यायला लावला. तर तिथं गेल्यावर कुणाला शोधायचं हेच त्याला आठवेना, कारण मुलगा मागं बारामतीत राहिलेला. तू हसून हसून टेबलावर डोकं ठेवलंस. "अगं, निगायच्या आदी नाव खिशात घालायचं की!" मग एक ओळ आधी घातली, तिच्यात मामाचं नाव धरून ठेवलं, आणि मग निघालो. सांगवीच्या एका पोराच्या खाली निमगावचा मामा आला. तेव्हा मात्र मीही टाळी वाजवली.

आता चाचांचं. मी तुमच्या तिकडं एका लग्नाला आले होते, आठवतं? शेवटची पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, तरी चाचा भांड्यांपाशी उभेच. मग मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि मोठ्यानं विचारत राहिले, "जेवायचं कोण राहिलं का? भांडी उचलू का?" कुणी राहिलेलं नव्हतं. तरी ते आचाऱ्याच्या मागं जाऊन, बैलगाड्यांपाशी जाऊन विचारून आले, आणि तेव्हा पहिलं पातेलं हललं. तू मला म्हणालीस की लहानपणापासून तू हेच बघत आलीस, एकदा नवरदेवाचा म्हातारा चुलताच जेवायचा राहिलेला निघाला होता.

म्हणून तू त्या शेवटच्या गोष्टीला इतकी धरून बसली होतीस. बोलवलेली फाइल मिळाली नाही, तर आपला प्रोग्राम गप्प पुढं जातो हे तुला एका चाचणीत कळलं आणि तू कासावीस झालीस. शीटमध्ये घालूया, तू म्हणालीस, जो आला नाही त्याचं नाव घेऊन पडद्यावर विचारलं पाहिजे. मी म्हटलं, नंतर बघू. दोनच तर फाइली, आपल्याला माहीत नाही का कोण आलं कोण नाही?

"पान निघतंय ना?" मी म्हटलं.

"निघतंय म्हनून तर भ्या वाटतं."

खरं तर त्या दिवसांत आपण फाइलींबद्दल बोलत होतो की दुकानाबद्दल, ते मला आता सांगता येणार नाही. चाचांच्या गोदामाशेजारची खोली तू मागून घेतली होतीस. तिथं कॉम्प्युटर लावणार, इंदापूरचं काम इंदापुरात करणार. रोज एसटीनं यायचं, जायचं, उसाच्या हंगामात गाड्यांच्या मागं तास तास अडकायचं, तुला नको झालं होतं. "मी तितंच बसते. काम असलं की बोलव," तू म्हणालीस. मी म्हटलं, "म्हणजे तूपण बोलवायचा पाहुणा का?" तू हसली नाहीस. मला वाटलं होतं हसशील.

मला भीती वाटायची, नसीम. तू तिकडं बसलीस की हळूहळू तुझं सगळं तिकडंच होणार, आणि मी इथं लग्नपत्रिका काढत बसणार. हे मी बोलले नाही. एक जागा, एक कुलूप, असलं काहीतरी बोलत राहिले. तूही बोलली नाहीस की तू मला सोडून चालली नाहीस म्हणून. आपण दोघी मशीनच्या आडून भांडलो. स्टँडवर तुझी गाडी लागली होती, आणि तू पायरीवरून ओरडलीस, "शीटमदी घाल त्ये!" मी हात हलवला.

मग तुझा फोन आला. कावीळ झालीय म्हणालीस, उसाचा रस पिऊन बरी होईन, आपल्याकडं उसाला काय तोटा. "फाइल माझ्याकडं हाय. मामांच्या दुरुस्त्या चालल्यात. तवर इंदापूरचं पान काडू नगं." मी तुला झापलं, पडून राहा म्हटलं. तू म्हणालीस, पडूनच करतेय. पुन्हा फोन आला तो तुमच्या शेजारच्या दुकानातून, आणि तो माणूस नुसताच 'लवकर या' म्हणत राहिला. मी निघाले, पोचले तेव्हा बायका तुला शेवटचं न्हाऊ घालत होत्या. मला आत घेतलं. तुझ्या अम्मीनं माझा हात धरून ठेवला. त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

जियारतीला, तिसऱ्या दिवशी, मी पुन्हा आले. जेवण होतं, माणसं भरपूर होती, सगळ्या जातींची. ज्यांच्या ज्यांच्या मांडवात चाचा उभे राहिले होते ती सगळी घरं आली होती. भांडी चाचांचीच. शेवटची पंगत उठली. चाचा सवयीनं उठून भांड्यांपाशी गेले, आणि नुसते उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. माणसं थांबलेली, भांडी थांबलेली. शेवटी कुणीतरी हळूच येऊन त्यांना खांद्याला धरून आत नेलं, आणि न विचारताच पातेली उचलली गेली. ते मला बघवलं नाही. मी गाडी धरली.

आणि मग ती भराभर निघालेली पानं.

आबा पानं बघायला आले. मी कोरे रकाने दाखवले. आबा वाईट माणूस नाहीत, तुझी बातमी कळली तेव्हा दारातच बसून राहिले होते. पण त्यांनाही मेळाव्याची घाई. "छापून टाक पोरी. इंदापूरचं फुडच्या साली बगू. ती बिचारी गेली, आता काय करनार? पुस्तक तर निगतंय न्हवं?"

माझंच वाक्य माझ्यासमोर येऊन बसलं. आणि खरं सांगते, मी हो म्हणणार होते. इतका शीण आला होता. इंदापूरला जायचं म्हणजे पुन्हा तुझ्या घरात जायचं, अम्मीच्या पुढं बसायचं, त्या खोलीचं कुलूप काढायला चाचांना सांगायचं. त्यापेक्षा कोरे रकाने परवडले. तिकडची पोरं-पोरी राहतील एक वर्ष, आणि तू त्या फाइलीवर आजारात जे केलंस ते तिथंच पडून राहील. कुणाला कळणारही नव्हतं. पान तर स्वच्छ दिसत होतं.

मी आबांना म्हटलं, "दोन दिवस द्या."

गाडी जंक्शन गावापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागंच होती. रोज कशी येत होतीस गं तू? खिडकीतून पाचट आत येत होतं. मी वेळ जावा म्हणून मनात शीट वाचत बसले. इथून शोधायचं नाही, आधी तिथं जायचं. निमगाव केतकी आलं तेव्हा मला रडू यायला लागलं, आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता पेरू कापून दिला.

चाचांचा रोजा होता. मी पाणीही नको म्हटलं तर ऐकेनात, "रोजा माजा हाय, तुजा न्हाय," म्हणून चहा करायला लावला. मग किल्ली घेऊन पुढं झाले. गोदामात मांडवाचे बांबू, गुंडाळलेली कापडं, आणि शेजारी तुझी खोली. रंग दिलेला. टेबल, कॉम्प्युटर, त्यावर तू शिवलेलं कापड. आणि टेबलाला दोन खुर्च्या.

"चाचा, दुसरी कुणाची?"

"तुजीच की. म्हनली, मंदा यील तवा बसंल कशावर?"

मी त्या खुर्चीवर बसले. स्टँडवर तू एवढंच सांगितलं असतंस तर काय झालं असतं? पण मीही कुठं विचारलं होतं. कॉम्प्युटर लावला, फाइल सापडली, समोरच होती. तुझ्या दुरुस्त्या अर्ध्याहून पुढं गेल्या होत्या. मी तिथंच बसून, तात्यांना बोलावून घेऊन, उरलेल्या विचारून विचारून पुऱ्या केल्या. इंदापूरच्या दुरुस्त्या इंदापुरातच झाल्या, हे तुला कळावं म्हणून सांगते. चाचा दारातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून बघत होते. मी त्यांना मांडव फाइल दाखवली. ही तुमच्यावरून केली तिनं, मी म्हटलं. मांडवाचं स्वतःचं काही नसतं, सगळे पाहुणेच असतात.

त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते दोन ओळींकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आन् ती म्हनत हुती, मशीनला तुमच्यावानी इचारायला लावते. लावलं का तिनं?"

"राहिलं ते," मी म्हटलं. "मी लावते."

"लाव बेटा. न इचारता भांडी उचलू नई."

बारामतीला आल्यावर पहिलं तेच काम केलं. चारच ओळी होत्या, नसीम. एवढ्यासाठी मी तुला महिना थांबवलं. मांडवातल्या एकेका नावाला बोलवायचं, फाइल आली नाही तर पडद्यावर तिचं नाव आणि पुढं तो प्रश्न. रोमन अक्षरांत लिहावा लागला, त्या काळ्या पडद्याला मराठी येत नाही. बघण्यासाठी म्हणून इंदापूरची फाइल मुद्दाम बाजूला काढून ठेवली आणि कमांड दिली. पडद्यावर आलं: इंदापूर, कोण राहिलं का? मी फाइल पुन्हा जागेवर ठेवली. मग सगळे मामा आले, तिकडची पोरं आली, पोरी आल्या, एकही रकाना कोरा नाही. आणि पडद्यावर काही उमटलं नाही. सगळे आले, असं मशीनचं म्हणणं.

ते मला सहन झालं नाही. विचारायला शिकवलं आणि पहिल्याच खऱ्या वेळी त्याला विचारण्यासारखं काही सापडलं नाही. मी मांडवाची फाइल उघडली. बारामती आणि इंदापूरच्या खाली तिसरी ओळ घातली आणि तिच्यात तुझं नाव लिहिलं. या नावाची फाइल माझ्याकडं नाही, तुझ्याकडं नाही, कुठंच नाही. पुन्हा कमांड दिली.

छपाईला जायची पानं काढत होते तेव्हा आबा शेजारीच होते. पानं बरोबर निघत होती, पुस्तकात एका अक्षराचा फरक नव्हता. पण पडद्यावरची ओळ त्यांनी चष्मा सावरत, एकेक अक्षर लावत वाचली.

"नसीम. कोन ऱ्हायलं का." ते माझ्याकडं वळले. "ह्ये काय इचारतंय?"

"राहिलंय आबा, एक माणूस," मी म्हटलं.

आबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "असू दे. काडू नगं ते."

काढणार नाही. आता आठवड्यातून एक दिवस मी इंदापूरला, त्या खोलीत बसते. तुझी खुर्ची तुझीच, मी माझ्या खुर्चीवर. पुढच्या साली पुस्तक पुन्हा निघेल, त्याच्या पुढंही निघेल, आणि दर वेळी पहिलं पान निघायच्या आधी मशीन तुझं नाव घेऊन विचारील. तू येणार नाहीस, तेवढी जागा सोडून ते पुढं जाईल, आणि मीही जाईन. पण विचारल्याशिवाय नाही.